पाणी बावन्न डिग्री होईपर्यंत

३० मार्च, रविवार. पाडवा.
संकल्प एकच, पण पक्का. यंदा ग्रॅनमचा हॅच, म्हणजे त्या किड्यांचं ओढ्यातून एकदम बाहेर येणं, चुकवायचा नाही आणि तो दिसेल त्या दिवशी सुमेधा इथे घरात असली पाहिजे. दोन्ही गोष्टी हवेवर अवलंबून आहेत आणि हवा हा माझा विषय आहे. तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये घालवलेल्या माणसाला स्टेट कॉलेज गावच्या एप्रिलने फसवावं हे शोभत नाही.
सुमेधा दिवाळीनंतर मुलाकडे, सुशांतकडे, जॉर्जियात अल्फारेटाला गेली, नातीला, अनिकाला सांभाळायला. दोन आठवड्यांसाठी. मग सुनेच्या, शिवांगीच्या, ऑफिसची डेडलाइन आली, मग नाताळ, मग इकडे बर्फ. कारणं सगळी योग्य होती. फेब्रुवारीत ती म्हणाली की थंडी गेली की ठरवू. थंडी गेली म्हणजे नक्की काय, हे तिने सांगितलं नाही. ते मी ठरवलं. ओढ्याचं पाणी बावन्न डिग्री फॅरनहाइट झालं की थंडी गेली. ग्रॅनमही तेच मानतो.
गुढीला काठी सापडेना. मासेमारीचा जुना नऊ फुटी रॉड वापरला. तांब्याच्या वजनाने शेंडा वाकला. लांबून गुढीला मासा लागल्यासारखं दिसत होतं. फोटो सुशांतला पाठवला. अनिकाने लिहिलं, आजोबा, व्हाय इज इट सॅड. पोरीचं मराठी सुधारायला हवं.
कडुनिंब इथे मिळत नाही. नुसता गूळ खाल्ला.

१ एप्रिल, मंगळवार.
पेन्स क्रीकवर, म्हणजे आमच्या ओढ्यावर, थर्मामीटर लावला. पुलाच्या खाली, उंबरठ्याएवढ्या एका दगडाच्या आडोशाला, दोरीने बांधून. पन्नास डिग्री. बाहेर हवा अडतीस. म्हणजे ओढा माझ्या अंदाजाच्या पुढे आहे. दोन डिग्री राहिल्या.
दगड उलटून पाहिले. ग्रॅनमच्या अळ्या काड्यांच्या चौकोनी नळ्या करून दगडाला चिकटून बसतात. सगळ्यांनी नळ्यांची तोंडं बंद केली आहेत. आत कोश तयार होतोय. पाणी तापलं की फोडून वर येतील, पृष्ठभागावर पंख सुकवतील, आणि त्या दोन सेकंदांत ट्राउट मासा त्यांना गिळेल. तेवढ्या दोन सेकंदांसाठी माणूस वर्षभर थांबतो. सुमेधाला हे एकदा दिसलं की ती समजेल. आतापर्यंत दरवेळी काही ना काही आडवं आलं.

४ एप्रिल, शुक्रवार.
सुमेधाला फोन. पन्नास डिग्री आहे, तयारीला लाग, असं सांगितलं. ती म्हणाली, बरं. नंतर सहज सांगितलं की तिने ड्रायव्हिंग लायसन्स जॉर्जियाचं करून घेतलं. मी म्हटलं, उत्तम. थोड्या दिवसांसाठी का होईना, लायसन्स असलेलं बरं. रविवारी तिथल्या मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवते म्हणे. मुलं तिला सुमेधा आजी म्हणतात. इथे तिला कोणी काही म्हणत नव्हतं ही एक गोष्ट खरी.
काळजीचं कारण नाही. तिचे थंडीचे कोट सगळे इथल्या कपाटात आहेत. जांभळा, करडा, तो लांब निळा. परत यायचं नसेल तर कोणी आपले कोट मागे ठेवील का? देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा मात्र तिने नेली आहे. ती तिला माहेरहून मिळालेली, मालवणची. नेली असेल तिकडे पूजेला. बाळकृष्ण आणि मी इथे आहोत.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
प्रतापकडे मराठी मंडळाचं जेवण. प्रताप निवृत्त भूलतज्ज्ञ, माझा मासेमारीतला जोडीदार आणि एकमेव टीकाकार. त्याची बायको राधिका. जेवताना कोणीतरी विचारलं की सुमेधाताई कधी येणार. मी म्हटलं, हॅचच्या सुमारास. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हॅच म्हणजे काय हे कळलं नसावं म्हणून सविस्तर सांगितलं. ढगाळ, शांत, मऊ दुपार सगळ्यात चांगली. कडक उन्हात किडे पटकन उडून जातात. वारा असला की झुडपांत दडून बसतात. जोराचा पाऊस झाला की ओढा चढतो, चहासारखा होतो, माशांना काही दिसत नाही. आणि मध्येच थंडीची लाट आली की सगळं आठ दिवस मागे.
एका नव्या पोराने विचारलं, काका, तुम्ही तर व्हेजिटेरियन ना, मग पकडता कशाला? सोडून देतो म्हटलं. मग पकडता कशाला, असं त्याने परत विचारलं. सुमेधा पण हेच विचारते. तिची तक्रार वेगळी. मालवणची मुलगी, आणि चाळीस वर्षांत नवऱ्याने घरी एक मासा आणला नाही.
निघताना राधिकाने डब्यात भरली वांगी दिली. म्हणाली, तुम्हीच जाऊन या ना एकदा तिकडे. मी म्हटलं, एप्रिलमध्ये?

८ एप्रिल, मंगळवार.
बर्फ. चार इंच. थर्मामीटर बघायला गेलो तर पन्नास. पट्ठ्या हलला नाही. आलेख सरळ रेषेत चाललाय. असा स्वच्छ डेटा मला नोकरीत कधी मिळाला नाही.
सुशांतचा मेसेज: बाबा, आर यू ईटिंग ओके. उत्तर दिलं, पाणी पन्नास.

१२ एप्रिल, शनिवार.
प्रताप बरोबर आला. थर्मामीटर बघून हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, मोरेश्वर, हा झऱ्यात बांधलाय तू. दगडाच्या मागून जमिनीतलं पाणी येतंय. ते बारा महिने पन्नासच असतं. बर्फ पडो, आग लागो. दहा पावलं पुढे मुख्य प्रवाहात मोजलं तर त्रेचाळीस.
म्हणजे जवळजवळ दोन आठवडे मी ओढा मोजत नव्हतोच. प्रतापने हे सगळ्या मंडळाला सांगू नये म्हणून त्याला कॉफी पाजली. परतताना गाडीत तो म्हणाला की कधी कधी माणूस चुकीच्या जागी खूप नीट मोजत असतो. डॉक्टर लोकांना निवृत्तीनंतर अशी वाक्यं सुचतात.
नवीन संकल्प: रोज तीन ठिकाणी मोजायचं.

१३ एप्रिल, रविवार.
अळ्यांचं निरीक्षण घरी चालू केलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओढ्याचं पाणी, दगड, नळ्या. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात. सुमेधा असती तर हे जमलं नसतं. मागे एकदा तिने पाहुण्यांसमोर डबा उघडला होता. पुरीवर वाढायच्या आत बघितलं तिने, म्हणून निभावलं. तेव्हा ती रागावली, पण बोलली. हल्ली रागावणं बंद झालं होतं. स्वभाव निवळला तिचा, असं मला वाटतं. वयाने येतं ते.
गेल्या एप्रिलचाच विषय घ्या. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी वेटिंग रूममध्ये बसलो होतो. नर्स म्हणाली तास दीड तास. खिडकीतून बघतो तर ढग आलेले, वारा पडलेला. डोळ्यांवर मी काय इलाज करणार होतो? जाऊन येतो म्हणून निघालो. यायला संध्याकाळ झाली. राधिकाने तिला घरी आणलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं. सुमेधाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. एक शब्दही नाही, म्हणजे विषय संपलेलाच होता. राधिका उगाच अजून लक्षात ठेवून आहे.

१६ एप्रिल, बुधवार.
मोठी बातमी. सुमेधा येते आहे. तिने स्वतः फोन केला. विचारलं की तुम्हाला कोणत्या दिवशी वेळ आहे. मी मॉडेल उघडून बसलोच होतो. पाणी सत्तेचाळीस, रोज सरासरी एक डिग्री वर. हॅच बावीस, तेवीसला. चोवीसपर्यंत तो वर दरीत सरकलेला असेल. म्हणून चोवीस सांगितली, गुरुवार. संकल्पात एवढा बदल चालेल, हॅच तिला नंतर वर दरीत नेऊन दाखवता येईल. त्या दिवशी मी पूर्ण मोकळा. विमान दुपारी दोनला उतरतं.
म्हणाली, थोडं बोलायचं आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल असणार. तो बदलायचं ती खूप वर्षं म्हणते आहे.
आणखी एक सांगितलं तिने. एअरपोर्टवर तुम्हीच या, प्रतापना पाठवू नका. मी म्हटलं, अगं, प्रतापला कशाला पाठवीन? ती म्हणाली, नाही, तुम्हीच या. मग तेच तिसऱ्यांदा म्हणाली. आनंद झाला. एवढं तिने कधी काही मागितलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार.
घर आवरायला काढलं. बाथटबमधून वेडर्स, म्हणजे ती छातीपर्यंतची रबरी विजार, बाहेर काढली. टबला गाळाची रेघ आहे. घासली. राहिली आहे. तिच्या उशीवर मी पिसं आणि धागे ठेवत होतो, खोटे किडे बांधायला. तेही हलवले. सोयीची उंची होती.
डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून शिकागोच्या एका ओळखीच्या माणसाने कोकम आणि सुका जवळा पाठवला. जवळा मी घरात येऊ देतोय हे तिने लक्षात घ्यावं. पाकीट तीन पिशव्यांत बांधून गॅरेजमध्ये ठेवलं.
अंदाज: उद्या पाऊस.

२१ एप्रिल, सोमवार.
पाऊस झाला. कालपासून नुसता ओतला. ओढा दोन फूट वर आणि रंग आमसुलाच्या कढीचा. पाणी परत शेहेचाळीस.
चिंता नाही. मॉडेलमध्ये पावसासाठी जागा ठेवली होती. थोडी कमी ठेवली होती.

२२ एप्रिल, मंगळवार.
वारा. कडक ऊन. पाणी सत्तेचाळीस. एक ग्रॅनम दिसला, तोही बुडालेला.

२३ एप्रिल, बुधवार.
पाणी एकोणपन्नास. काही नाही. प्रताप म्हणतो की उद्या ढग आहेत, हवा त्रेसष्टपर्यंत जाईल, वारा नाही. म्हणजे उद्या, असं तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, उद्या सुमेधा येते आहे, उद्याचा प्रश्नच नाही. हे मी फार ठाम बोललो.
फुलं आणली. शेवंती मिळाली नाही, ट्युलिप घेतली. जांभळा कोट दाराशी अडकवून ठेवला, एअरपोर्टवर न्यायला. तिला तिकडची सवय झाली असेल, बाहेर पडल्यावर गारठेल.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी.
ढग. वारा पूर्ण पडलेला. हवा मऊ आहे. अशी हवा वर्षात एकदा येते. देवपूजा झाली. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. दोनला बराच वेळ आहे.

११.४०
फक्त बघून येतो. पाणी मोजायचं, किडे निघताहेत का बघायचं, एकला तिथून निघायचं. वेडर्स गाडीत आहेत पण घालणार नाही. प्रतापला फोन करून ठेवला, खबरदारी म्हणून. मला उशीर झाला तर तू जरा एअरपोर्टकडे जा. त्याने आधी विमानाची वेळ विचारली. मग म्हणाला, ती काय म्हणाली होती ते आठवतंय ना? आठवतंय. म्हणूनच तर एकला निघणार आहे.

संध्याकाळी.
नीट, क्रमाने लिहितो.
मी पोचलो तेव्हा पाणी बावन्न. बरोबर बावन्न. मॉडेल दोन दिवसांनी चुकलं, डिग्रीत चुकलं नाही. पहिल्यांदा दोनचार किडे दिसले, मग दगडांखालून धूर निघावा तसे निघायला लागले. चष्म्यावर, कानात, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्यांत. सगळा ओढा उकळत होता. या काठापासून त्या काठापर्यंत मासे तोंडं वर काढत होते. एवढं मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. वेडर्स घातले, कारण काठावरून नीट दिसत नव्हतं.
फोन गाडीत होता. तिथे दरीत तसाही सिग्नल नसतो. मी एकदा घड्याळ पाहिलं तेव्हा पाऊण वाजला होता. नंतर पाहिलं तेव्हा सव्वातीन. मधलं मला सांगता येणार नाही.
मासा एकही लागला नाही. किड्यांची एवढी गर्दी की त्यात माझा एक खोटा किडा कोणाला दिसणार?
घरी पोचलो तर सुमेधा नव्हती. प्रतापने तिला आणून सोडलं होतं. तिने चहा करून घेतलेला दिसला. एकच कप होता, धुऊन पालथा घातलेला. फुलांना पाणी घातलेलं होतं. मी पाणी घालायचं विसरलो होतो. राधिकाचा मेसेज: सुमेधा आमच्याकडे आहे, दमली आहे, झोपू दे, सकाळी या.
विमानप्रवासाने माणूस दमतोच. सकाळी सगळं समजावून सांगेन. आकडे आहेत माझ्याकडे.

२५ एप्रिल, शुक्रवार.
प्रतापकडे गेलो. राधिका स्वयंपाकघरात निघून गेली, प्रताप उगाच गॅरेजमध्ये. सुमेधा सोफ्यावर होती. केस कापले आहेत तिने, बरी दिसते. मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी सांगितलं. पाऊस, थंडीची लाट, दोन दिवसांचा उशीर, मग एकदम ढग आणि बावन्न डिग्री. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की हे आज पण झालं असतं ना, उद्या पण? मी म्हटलं, होतं थोडं थोडं पाच सहा दिवस, पण पहिल्या दिवसासारखं नाही. ती म्हणाली, अच्छा.
मग तिने पर्स उघडली आणि फोन काढून एक फोटो दाखवला. सुशांतच्या घरातली खालची खोली. नवीन पलंग, दोन उशा, खिडकीत टेबल. टेबलावर खोटा किडा बांधताना धरायचा तो छोटा शिकंजा होता, माझ्यासारखाच, नवा. अनिकाने सांगितलं म्हणे की आजोबांना हा लागतो. शिवांगीने तिकडच्या डोंगरात ट्राउटचा ओढा शोधून ठेवलाय, घरापासून दीड तासावर.
सुमेधा म्हणाली, मी राहायला आले नव्हते. मी तुम्हाला न्यायला आले होते. विमानात ठरवलं होतं की हे समोर उभे दिसले तर विचारायचं. नाही दिसले तर नाही विचारायचं.
मी म्हटलं, मग विचार ना आता.
ती म्हणाली, नाही. आवाज चढवला नाही तिने. रडली पण नाही. मला वाटतं ते तिने आधीच उरकलं होतं, कधीतरी, मी घरात असतानाच. मी फोटो परत बघायला मागितला. तिने दाखवला. उशा पांढऱ्या आहेत, निळी किनार.
मला फार वाईट वाटलं. हे लिहायला लाज कसली? फार वाईट वाटलं.

२६ एप्रिल, शनिवार.
तिला एअरपोर्टवर मी सोडलं. विमान दुपारचं होतं, मी नऊलाच प्रतापच्या दारात उभा. ती म्हणाली, एवढ्या लवकर कशाला? वाटेत घरी थांबलो. तिने कपाट उघडलं, कोट बाहेर काढले आणि राधिकाला फोनवर सांगून मंडळाच्या नव्या मुलींसाठी ठेवले. यंदा नवीन आलेल्यांत तीन जणी मुंबईच्या आहेत, त्यांना इथली थंडी माहीत नाही, असं म्हणाली. फ्रिज उघडून तिने श्रीखंडाचा डबा बघितला. झाकण काढलं नाही. बंद केला.
जवळ्याचं पाकीट मी दाखवलं. तिने हातात घेतलं, पिशव्या मोजल्यासारख्या सोडल्या, वास घेतला आणि हसली. चांगला आहे म्हणाली. पर्समध्ये ठेवला. तेवढी एक गोष्ट आमची नीट झाली.
सिक्युरिटीपाशी मी विचारलं, औषधं घेतेस ना वेळेवर. ती म्हणाली, तुम्ही घ्या. वळून हात केला. मी काचेपाशी थांबलो. विमान छोटं असतं इथलं, चढताना माणसं दिसतात. ती पायऱ्या हळू चढते आता. गुडघ्याचं मला माहीत नव्हतं.
परत येताना प्रतापचा फोन. ओढ्यावर अजून किडे आहेत, येतोस का? मी म्हटलं, नको. तो म्हणाला, बरं केलंस. बरं करण्याचा काय संबंध होता?

२७ एप्रिल, रविवार.
सुमेधाचा फोन, दुपारी, शाळेला जायच्या आधी. पोचले म्हणाली. शिवांगीने खिचडी केली होती. मग विचारलं, मासे लागले का गुरुवारी? मी म्हटलं, हो, चार. एक चांगला मोठा. सोडून दिले ना, असं विचारलं. दिले म्हटलं. बरं झालं म्हणाली.
मागे अनिकाचा आवाज येत होता, आजी वी आर लेट.
मी विचारलं, मी येऊ का तिकडे? पुढच्या आठवड्यात. हॅच असला तरी. हे शेवटचं उगाच बोललो.
गाडीच्या किल्ल्या वाजल्या. मग ती म्हणाली, बघू.
ओट्याला, मालवणला, युरोपला, डोळ्यांच्या डॉक्टरला, आयुष्यभर मी तिला हेच उत्तर देत आलो. म्हणून त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. मी बरं म्हटलं आणि फोन तिने ठेवेपर्यंत धरून बसलो.